मोठा मासा सापडलाच नाही : ‘लाइन ऑफ ड्यूटी’चा शेवट आणि प्रेक्षकांचं भांडण

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी निवडक प्रश्नोत्तरं दिली आहेत.)



आजच्या विषयाची पाटी वाचून एक-दोघांनी आत येतानाच विचारलं, की टीव्हीवरच्या एका पोलिसी मालिकेचा एक भाग लोकांना आवडला नाही, यावर तासभर काय बोलणार? प्रश्न रास्त आहे. मालिकांचे भाग रोज फसतात. पण हा भाग थोडा वेगळा होता. तो पाहून ब्रिटनमधले लोक भांडले ते नट कसा होता, दिग्दर्शन कसं होतं यावर नाही. ते भांडले ते भ्रष्टाचार दिसतो कसा, या प्रश्नावर. एवढा मोठा प्रश्न रविवारी रात्री जेवणं आटोपून टीव्हीसमोर बसलेल्या माणसांनी अंगावर घ्यावा, हे मला महत्त्वाचं वाटतं.

एक सूचना आधीच देऊन ठेवतो. मी शेवट सांगणार आहे. शेवट न सांगता या वादावर बोलता येत नाही. ज्यांना मालिका पाहायची आहे त्यांनी हे व्याख्यान नंतर ऐकावं, राग येणार नाही.

आधी मालिका काय होती ते

‘लाइन ऑफ ड्यूटी’ ही बीबीसीची मालिका. लेखक जेड मर्क्युरिओ. हा माणूस पूर्वी रुग्णालयात डॉक्टर होता, आणि त्याची पहिली मालिका रुग्णालयांबद्दलच होती. संस्थेच्या आत काम करणारी माणसं एकमेकांना कशी सांभाळून घेतात, चुका कशा झाकतात, हा त्याचा पहिल्यापासूनचा विषय. ‘लाइन ऑफ ड्यूटी’ २०१२ साली बीबीसी टूवर सुरू झाली. प्रेक्षक वाढत गेले, तशी चौथ्या पर्वापासून, म्हणजे २०१७ पासून, ती बीबीसी वनवर आली.

नेहमीच्या पोलिसी मालिकेत पोलीस चोरांना पकडतात. इथे पोलीस पोलिसांना पकडतात. एसी-१२ नावाचं एक भ्रष्टाचारविरोधी पथक आहे. त्याचा प्रमुख टेड हेस्टिंग्ज, हाताखाली स्टीव्ह आर्नट आणि केट फ्लेमिंग. भूमिका अनुक्रमे एड्रियन डनबार, मार्टिन कॉम्पस्टन आणि विकी मॅक्लूर यांच्या. दर पर्वात एक नवा अधिकारी संशयाच्या घेऱ्यात येतो, आणि काचेच्या खोलीत टेबलाच्या दोन बाजूंना बसून लांबच लांब चौकशी होते. गोळीबार, पाठलाग हे असतंच. पण या मालिकेचा खरा थरार त्या टेबलावर. कागद पुढे सरकवायचे, फोटो दाखवायचे, ध्वनिमुद्रण चालू ठेवायचं आणि समोरच्याला बोलतं करायचं.

पहिल्या भागाची सुरुवात आठवा. दहशतवादविरोधी कारवाईत पोलीस चुकीच्या घरात शिरतात आणि एका निरपराध माणसाला गोळ्या घालतात. वरिष्ठ सांगतात, सगळ्यांनी एकच गोष्ट सांगायची. आर्नट नकार देतो, आणि म्हणून त्याची बदली एसी-१२ मध्ये होते. ब्रिटिश प्रेक्षकाला यातून काय आठवणार हे उघड होतं. २२ जुलै २००५ रोजी लंडनच्या स्टॉकवेल स्थानकात जाँ चार्ल्स दी मेनेझेस या ब्राझिलियन इलेक्ट्रिशियनला दहशतवादी समजून पोलिसांनी ठार मारलं. कोणत्याही एका अधिकाऱ्यावर त्या मृत्यूबद्दल खटला चालला नाही. शेवटी २००७ मध्ये लंडनचं पोलीस दल, एक संस्था म्हणून, आरोग्य आणि सुरक्षिततेच्या कायद्याखाली दोषी ठरलं आणि १,७५,००० पौंडांचा दंड झाला. माणूस मेला, दंड संस्थेला, आणि जबाबदार म्हणून नाव कोणाचंच नाही. मालिकेचं बी या घटनेच्या आसपास पडलेलं आहे. हे लक्षात ठेवा, आपल्याला पुढे लागणार आहे.

‘एच’चं कोडं कसं तयार झालं

पहिली दोन पर्वं बरीचशी स्वतंत्र होती. मग हळूहळू एक मोठं कोडं उभं राहिलं.

तिसऱ्या पर्वाच्या शेवटी डॉट कॉटन नावाचा अधिकारी मरतो. तो एसी-१२ मध्येच बसून गुन्हेगारी टोळीसाठी काम करत होता. मरता मरता तो जबानी देतो आणि तिचं चित्रण होतं. त्या जबानीतून पुढे एक अक्षर हाती लागतं : ‘एच’. टोळीला आतून चालवणारा वरिष्ठ पोलीस अधिकारी, नावाचं पहिलं अक्षर एच. आता गंमत बघा. हिल्टन एच, हंटली एच, आणि खुद्द हेस्टिंग्जही एच. ज्या प्रमुखाकडे प्रेक्षक वडीलधारी म्हणून बघत होते, त्याच्यावरच संशय. लेखकाने हा खेळ दोन पर्वं खेळवला.

पाचव्या पर्वाच्या शेवटी कोड्याला नवं वळण मिळालं. जबानीचं चित्रण पुन्हा बघताना लक्षात येतं, की मरणारा डॉट डाव्या हाताच्या बोटांनी काहीतरी ठोकत होता. मॉर्स लिपीत एच म्हणजे चार टिंबं. म्हणजे ‘एच’ हा एक माणूस नाही, चार माणसं! डॉट स्वतः एक, सहायक मुख्य अधिकारी हिल्टन दुसरा, कायदेशीर सल्लागार गिल बिगेलो तिसरी. आणि चौथा?

मार्च २०२१ मध्ये सहावं पर्व सुरू झालं तेव्हा सगळ्यांच्या तोंडी हा एकच प्रश्न होता. करोनाची टाळेबंदी, लोक घरात, आणि मालिका जुन्या पद्धतीने दर रविवारी एकच भाग. सात आठवडे. मधल्या सहा दिवसांत माणसं काय करणार? जुने भाग काढून बघणार, फायलींवरच्या तारखा वाचणार, शुद्धलेखनाच्या चुका शोधणार. तेच झालं.

२ मेची रात्र

२ मे २०२१, रविवार, रात्री नऊ. सरासरी १ कोटी २८ लाख लोकांनी तो भाग थेट पाहिला. त्या वेळी ब्रिटनमध्ये टीव्ही पाहत असलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त. रोजच्या कौटुंबिक मालिका सोडल्या तर २००२ पासूनच्या आधुनिक नोंदींत कोणत्याही नाट्यमालिकेच्या एका भागाला इतके प्रेक्षक मिळाले नव्हते.

आणि उत्तर काय निघालं? इयन बकल्स.

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांना या नावातला धक्का कळणार नाही, म्हणून सांगतो. बकल्स (भूमिका नायजेल बॉयल यांची) हा पहिल्या पर्वापासून अधूनमधून दिसणारा अधिकारी. आळशी, थोडा बावळट, काम दुसऱ्यावर ढकलणारा, वरिष्ठांसमोर मान डोलावणारा. प्रत्येक कचेरीत असा एक असतो. कामात कच्चा, पण बढत्या वेळेवर. सहाव्या पर्वात तर तो आधीच संशयावरून तुरुंगात गेलेला होता आणि प्रेक्षकांनी ‘याला कोणीतरी अडकवलंय’ म्हणून सोडून दिलं होतं.

तो सापडतो कशामुळे? ‘डेफिनिटली’ या इंग्रजी शब्दातल्या एका चुकीमुळे. जिथे ‘आय’ हवा तिथे ‘ए’. टोळीला मिळणाऱ्या गुप्त संदेशांत ही चूक होती, आणि तीच चूक बकल्सच्या जुन्या कागदांत सापडते.

चौकशीत तो जे सांगतो त्यात कट नाही, बुद्धी नाही. टोळीचा म्होरक्या गेल्यावर तो निरोप इकडून तिकडे पोचवत राहिला. त्याबद्दल पैसे मिळत गेले. एवढंच. सूत्रधार म्हणून ज्याला शोधलं तो टपाल पोचवणारा निघाला. आणि मुख्य पोलीस अधिकारी ऑसबोर्न, जो सगळ्या चौकशा दडपत होता, तो खुर्चीवर तसाच राहतो. शेवटी पडद्यावर ओळी येतात : पुरावा न्यायालयात येणार नाही अशी व्यवस्था झाली आहे, आणि एसी-१२ पूर्वी कधी नव्हतं इतकं दुबळं झालं आहे. भाग संपला.

भांडण

आता दोन्ही बाजू प्रामाणिकपणे मांडू.

नाराज लोकांचं म्हणणं असं. एक, तुम्ही आम्हाला वर्षानुवर्षं एक कोडं घातलंत, अक्षर दिलंत, मॉर्स लिपी दिलीत, आणि उत्तर म्हणून पुढ्यात ठेवलात हा माणूस. दोन, पुरावा काय, तर शुद्धलेखन! इतकी मोठी तटबंदी एका ‘ए’ने पडते? तीन, चकवे फार. जेम्स नेस्बिटसारखा नावाजलेला नट फक्त फोटोत दाखवला, त्याच्याकडे संशय वळवला आणि तो कधी जिवंत दिसलाच नाही. चार, ऑसबोर्नला हात लागला नाही. मग आम्ही सहा पर्वं कशासाठी बसलो?

बाजू घेणाऱ्यांचं म्हणणं असं. एक, बकल्स पहिल्या पर्वापासून समोर होता. गेट्सकडची खुनाची चौकशी तेव्हा त्याच्याकडेच आली होती. म्हणजे लेखकाने बाहेरचा माणूस आणून बसवलेला नाही. दोन, भ्रष्टाचार खरोखर असाच असतो. तो काळा झगा घालून फिरत नाही, तो सही करून पुढच्या टेबलावर जातो. तीन, शेवट कडवट आहे कारण बाहेरचं जग कडवट आहे. स्वतः मर्क्युरिओनेही नंतर याच अर्थाचं म्हटलं : हे सगळ्यांना रुचणार नाही याची कल्पना होती, पण पोलीस एकामागून एक ‘मोठे मासे’ पकडत राहतात एवढंच ही मालिका दाखवू शकत नाही, असं आम्हाला मनापासून वाटत होतं.

हे भांडण ऐकताना माझ्या लक्षात आलं, की दोन्हीकडची माणसं तीन वेगवेगळ्या तक्रारी एकाच नावाने करत होती. मराठीत या तीन तक्रारींना तीन छान, साधी क्रियापदं आहेत. आवडलं नाही. पटलं नाही. जमलं नाही. एखादा भाग फसला असं म्हणण्याआधी आपली तक्रार यांतली कोणती ते ठरवावं. निम्मं भांडण तिथेच मिटतं.

आवडलं नाही

ही तक्रार मायेची असते. तिला उत्तर नसतं आणि तिला उत्तर देऊही नये.

याचं आपल्या जवळचं उदाहरण ‘सीआयडी’. २१ जानेवारी १९९८ ला सुरू झालेली, २०१८ पर्यंत चाललेली आणि डिसेंबर २०२४ मध्ये परत आलेली मालिका. शिवाजी साटम यांचा एसीपी प्रद्युमन म्हणजे कित्येक घरांतला माणूस. एप्रिल २०२५ मध्ये मालिकेत प्रद्युमनचा मृत्यू दाखवला तेव्हा प्रेक्षक खवळले. तिथे कोणी म्हणत नव्हतं की हे तर्काला धरून नाही. तर्काला धरून असायला ‘सीआयडी’ कधी बांधलेली होती? एका लाथेत दार उघडणं तरी कुठे तर्कात बसतं! लोक म्हणत होते, आमचा माणूस गेला. पुढे प्रद्युमन परत आला. या तक्रारीवर तोच एक उपाय असतो.

‘लाइन ऑफ ड्यूटी’च्या बाबतीत ‘आवडलं नाही’ म्हणणारे होतेच. त्यांना हेस्टिंग्जचा विजय हवा होता. त्यात चूक काही नाही. पण भागाचं मोल त्यावरून ठरत नाही.

पटलं नाही

ही तक्रार विचाराची. इथे प्रेक्षक म्हणतो, जग असं नसतं. इतका सामान्य माणूस इतकं मोठं नुकसान करूच शकत नाही. यामागे कोणीतरी हुशार असणारच.

इथे मी लेखकाच्या बाजूचा आहे, आणि त्याचं कारण मालिकेबाहेर आहे.

तो भाग झाला २ मे रोजी. त्यानंतर सहा आठवड्यांनी, १५ जून २०२१ रोजी, लंडनमध्ये एक अहवाल प्रसिद्ध झाला. डॅनियल मॉर्गन हा खासगी गुप्तहेर. १० मार्च १९८७ रोजी दक्षिण लंडनमध्ये एका पबच्या वाहनतळावर कुऱ्हाडीने त्याचा खून झाला. चौकशीवर चौकशी झाली, वर्षांमागून वर्षं गेली, खुनाबद्दल कोणालाही शिक्षा झाली नाही. कुटुंब लढत राहिलं. अखेर २०१३ मध्ये स्वतंत्र समिती नेमली गेली, आणि पुढे नूआला ओ’लोन तिच्या अध्यक्ष झाल्या. समितीने अहवालात ‘संस्थात्मक भ्रष्टाचार’ असा शब्द वापरला.

हा शब्द नीट समजून घ्या. त्याचा अर्थ सगळे पोलीस लाच घेतात असा नाही. समितीचं म्हणणं थोडक्यात असं, की संस्थेची प्रतिमा जपण्यासाठी स्वतःचं अपयश लपवणं किंवा नाकारणं, हा संस्थेने जनतेशी केलेला अप्रामाणिकपणा आहे, आणि म्हणून तो भ्रष्टाचारच. यात सूत्रधार लागत नाही. प्रत्येकाने आपापल्या टेबलावर थोडंसं झाकलं की पुरतं. पोलीस आयुक्तांनी हा ठपका मान्य केला नाही, हेही सांगायला हवं. पण व्याख्या तर समोर आली.

आता याच्या शेजारी दुसरं प्रकरण ठेवा. मार्च २०२१, म्हणजे सहावं पर्व सुरू होण्याच्या तोंडावर, सेरा एव्हरार्ड या तरुणीचं लंडनमधून अपहरण झालं आणि तिचा खून झाला. खुनी वेन कझन्स हा नोकरीत असलेला पोलीस. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या चौकशी अहवालाने सांगितलं, की हा माणूस पोलिसात असायलाच नको होता आणि त्याला आधीच रोखण्याच्या संधी हुकल्या होत्या. पुन्हा तेच. संधी हुकवणारा कोणी राक्षस नव्हता. कोणीतरी तक्रार नीट नोंदवली नाही, कोणीतरी पार्श्वभूमी नीट तपासली नाही.

मालिकेने सहाव्या पर्वात एका कृष्णवर्णीय तरुणाच्या मृत्यूची उपकथा आणली होती. त्याचं नाव लॉरेन्स ख्रिस्तोफर. या नावात दोन खरी नावं ऐकू येतात : १९९३ मध्ये वंशद्वेषातून मारला गेलेला स्टीफन लॉरेन्स आणि १९९८ मध्ये हल शहरात पोलीस कोठडीत मेलेला ख्रिस्तोफर ऑल्डर. स्टीफन लॉरेन्स प्रकरणाच्या चौकशीनंतर १९९९ च्या मॅक्फर्सन अहवालाने ‘संस्थात्मक वंशवाद’ हा शब्द ब्रिटिश सार्वजनिक जीवनात पक्का केला. म्हणजे लेखक कोणत्या दिशेने चालला होता ते लपलेलं नव्हतं. १९९९ मध्ये ‘संस्थात्मक वंशवाद’, २०२१ मध्ये ‘संस्थात्मक भ्रष्टाचार’. दोन्ही शब्द एकच गोष्ट सांगतात : नाव विचारू नका, पद्धत विचारा.

मग आपल्याला मोठा मासाच का हवा असतो? कारण मोठा मासा सापडला की गोष्ट संपते. त्याला बेड्या घातल्या की बाकीचे सगळे आपोआप निर्दोष होतात. आपणही. बकल्स सापडल्यावर असं होत नाही, कारण बकल्स आपल्या ओळखीचा असतो. आपण त्याच्या शेजारी बसून डबा खाल्लेला असतो. त्याने एखादी फाईल दाबली तेव्हा ‘जाऊ दे, आपल्याला काय करायचंय’ असं आपणच म्हटलेलं असतं. ही गोष्ट रविवारी रात्री ऐकायला कोणाला आवडेल?

या भागातला सगळ्यांत चांगला प्रसंग कोणता, असं विचाराल तर मी बकल्सची चौकशी सांगणार नाही. हेस्टिंग्जची कबुली सांगेन. गुप्तपणे टोळीत काम करणाऱ्या कॉर्बेट नावाच्या पोलिसाचा पाचव्या पर्वात खून झाला होता. टोळीत पोलिसांचा माणूस आहे, ही खबर तुरुंगातल्या एका गुंडापर्यंत हेस्टिंग्जनेच पोचवली होती. तो हे स्वतःहून, ज्या अधिकाऱ्याशी त्याचं पटत नाही तिच्यासमोर, सांगून टाकतो. म्हणजे भ्रष्टाचाराविरुद्ध सहा पर्वं गरजणाऱ्या माणसानेही एक गोष्ट झाकली होती. बकल्स आणि हेस्टिंग्ज यांच्यातला फरक सज्जन-दुर्जन असा उरत नाही. एकाने शेवटी स्वतःहून सांगितलं, दुसरा पकडला गेल्यावर बोलला. फरक एवढाच, पण तो फार मोठा आहे.

जमलं नाही

आता तिसरी तक्रार. ही कारागिरीची, आणि इथे मी नाराज लोकांच्या बाजूचा आहे.

रहस्यकथेच्या शेवटाची एक सोपी परीक्षा असते. उत्तर कळल्यावर मागे जा आणि जुने प्रसंग पुन्हा बघा. चांगल्या शेवटाने जुन्या प्रसंगांचा अर्थ बदलतो. चहा तोच असतो, पण आता कळतं की त्यात साखर कोणी घातली होती.

बकल्सला ही परीक्षा लावा. सहाव्या पर्वात तो अर्धा उत्तीर्ण होतो. त्याचा ढिसाळपणा, चुकीच्या वेळी दिलेली परवानगी, उशीर, हे सगळं आता वेगळं दिसतं. बावळटपणाआड किती सोयीने लपता येतं ते कळतं. तुरुंगात एका फितुर वकिलाचा खून त्याच्या डोळ्यांदेखत होतो. तेव्हा आपल्याला वाटलं, हा बिचारा भेदरलेला साक्षीदार. आता तो प्रसंग दोन्ही बाजूंनी वाचता येतो.

पण मधली पर्वं? तिथे तो फारसा नाहीच. पाचव्या पर्वात टोळीला संदेश पाठवणारा अज्ञात माणूस आपल्या मनात धूर्त, थंड डोक्याचा म्हणून तयार झाला होता. तो संदेश टंकणारा बकल्स होता असं सांगितल्यावर मागचं काही उजळत नाही. ‘हो का?’ एवढंच होतं. ‘डेफिनिटली’ची चूक तर पाचव्या पर्वात हेस्टिंग्जनेही टंकली होती, म्हणून त्याच्यावर संशय आला होता. एकच दोरा इतक्या जणांच्या गळ्यात घालून झाल्यावर शेवटी तो बकल्सच्या गळ्यात पडतो, तेव्हा फास आवळला जात नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. लेखकाचं म्हणणं होतं की दुष्टपणा सामान्य असतो. हे म्हणणं जड आहे, ते मांडायला जागा लागते. बकल्सने पहिले पैसे कधी घेतले? तेव्हा त्याला काय वाटलं? घरी काय सांगितलं? एखाद्या निरोपाने माणूस मेला हे कळल्यावर तो रात्री झोपला का? या प्रश्नांसाठी एक आख्खा भाग हवा होता. मिळाला फक्त एका चौकशीचा तुकडा. सामान्य माणूस उत्तर म्हणून दिला, पण त्याच्या सामान्यपणाची चौकशी केली नाही. म्हणून लोकांना ते उत्तर मोठं न वाटता छोटं वाटलं.

आणि तिसरी, मला वाटतं मुळातली गोष्ट. या मालिकेने प्रेक्षकांशी दोन करार केले होते. पहिला साक्षीचा : आम्ही संस्था आतून कशा सडतात ते दाखवू. दुसरा कोड्याचा : आम्ही एक नाव लपवलंय, शोधा. सुरुवातीला फक्त पहिला होता. मेनेझेस प्रकरणातून आलेली ती सुरुवात आठवा, तिथे कोणी ‘एच’ नव्हता. दुसरा करार नंतर जोडला गेला, आणि त्यानेच प्रेक्षकसंख्या कोटीच्या पुढे नेली. शेवटच्या रात्री लेखकाला पहिला करार पाळायचा होता, पण समोर बसलेले बहुतेक लोक दुसऱ्याच्या वसुलीसाठी आले होते. कोड्याचं उत्तर ‘कोड्याला अर्थ नव्हता’ असं देता येतं, पण मग कोडं इतकं रंगवायचं नसतं.

तर माझा निवाडा असा : विचार खरा, हिशोब अर्धा.

अशा भांडणांचा उपयोग काय, असं विचाराल तर तोही सांगतो. भागावर चिडलेल्या माणसाला विचारा, तुला काय दाखवायला हवं होतं? ऑसबोर्नला अटक, असं तो म्हणाला, तर पुढचा प्रश्न : मेनेझेस प्रकरणात कोणाला अटक झाली? मॉर्गन प्रकरणात? पडद्यावरचा राग तिथून खऱ्या जागी वळतो. मालिकेने एवढं केलं तरी तिचं काम बरंचसं झालं.

प्रश्नोत्तरांतून

*प्रश्न : ‘वास्तव असंच असतं’ म्हणून मग कोणताही मिळमिळीत शेवट खपवता येईल की.*

नाही ना. म्हणून मी ‘पटलं’ आणि ‘जमलं’ वेगळं केलं. ‘द वायर’ ही अमेरिकन मालिका घ्या. बाल्टिमोर शहर, २००२ ते २००८, पाच पर्वं. तिच्याही शेवटी व्यवस्था जागची हलत नाही. एक माणूस जातो, दुसरा त्याच्या जागी येऊन बसतो. पण फसवल्याची भावना होत नाही, कारण पहिल्या दिवसापासून तिने सूत्रधार पकडून देण्याचं वचन दिलेलंच नाही. कडवट शेवट चालतो. पण कडवटपणाची चव आधीच्या भागांत असायला लागते.

*प्रश्न : आठवड्याला एक भाग दाखवल्यामुळे हे झालं का? सगळे भाग एकदम दिले असते तर?*

काही प्रमाणात हो. लाखो लोक सहा दिवस डोकं चालवतात तेव्हा शक्य असलेलं प्रत्येक उत्तर कोणीतरी आधीच देऊन ठेवलेलं असतं. बकल्सचं नावही काहींनी घेतलं होतं. मग लेखकाची पंचाईत होते. ओळखता येण्यासारखं उत्तर दिलं तर ‘हे तर आम्हाला माहीत होतं’, आणि न ओळखता येणारं दिलं तर ‘ही फसवणूक’. पण दर आठवड्याच्या त्या वाट पाहण्यानेच सव्वा कोटी लोक एका वेळी एका ठिकाणी बसले, हेही खरं. एकत्र निराश व्हायलाही आधी एकत्र बसावं लागतं.

*प्रश्न : माझे वडील पोलिसात होते. अशा मालिका बघून लोकांना वाटतं सगळे पोलीस तसलेच. प्रामाणिक माणसांवर हा अन्याय नाही का?*

तुमचा प्रश्न आजचा सगळ्यांत महत्त्वाचा आहे. मला वाटतं, अन्याय उलट बाजूने होतो. सूत्रधाराच्या गोष्टी सांगतात की एक सडका आंबा काढा, पेटी चांगली आहे. तो आंबा काढून झाला, आणि तरी काही बदललं नाही, की लोक अख्ख्या पेटीलाच नावं ठेवतात. लंडनमध्ये १९७२ साली रॉबर्ट मार्क आयुक्त झाले. पोलिसांतल्या भ्रष्टाचाराची चौकशी करायला त्यांनी ए-१० नावाचं वेगळं पथक उभं केलं. त्या काळात शेकडो अधिकारी नोकरी सोडून गेले किंवा काढले गेले. यात प्रामाणिक पोलिसांचं नुकसान झालं का? नाही. त्यांना पहिल्यांदा कळलं की तक्रार केली तर ऐकणारं कोणीतरी आहे. तुमच्या वडिलांसारख्या माणसाला ‘तू एकटा चांगला आहेस’ या कौतुकाचा उपयोग नसतो. त्याने एखादी चुकीची गोष्ट लिहून वर दिली तर तो कागद हरवू नये, एवढी व्यवस्था त्याला लागते. बकल्स जिथे बसतो तिथे नेमका तोच कागद हरवतो. म्हणून तो धोकादायक.